तुमच्या बाजूचा पत्रा

अहो,

बत्तीस वर्षांच्या संसारात तुम्हाला एक ओळ लिहिली नाही मी. वेळच कुठे आली? हाक मारली की तुम्ही हजर, आणि नसलात तर त्या अँबॅसडरच्या खालून तुमचे दोन पाय दिसायचे! आज लिहितेय, कारण आज दुपारी रफिकभाईंनी तुमच्या बाजूचा पत्रा बसवून दिला. ड्रायव्हरच्या पट्ट्याचा, सीटबेल्टचा, बोल्ट ज्यात आवळतात ना, सीटशेजारचा, दाराकडचा कोपरा. तुम्ही गेल्यावर नऊ महिन्यांनी.

हसा. गाडीचं नाक बाभळीने आत ढकललंय, इंजिन जागचं हललंय, आणि बाईने काय दुरुस्त करून घेतलं, तर पट्टा! वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

ते पट्टेसुद्धा मीच मागे लागून बसवून घेतले होते. तुम्हाला त्यांचं वावडं. "मला काय बैल समजून राह्यली का, दाव्याला बांधायला?" म्हणायचात. पोलीस दिसला की छातीवरून नुसता ओढून धरायचात, आणि तो मागे पडला की सोडून द्यायचात. किती भांडलेय मी त्यावरून!

आता मुद्द्याचं सांगते. नऊ महिने कोणाला सांगितलेलं नाही.

गाडी रंगाला टाकली होती. तुमचा नेम होता, नवा रंग दिला की गाडी आधी राजूरच्या गणपतीला न्यायची, तिथे हार-नारळ करायचा आणि मगच इतर रस्त्यांना लावायची. त्यात अंगारकी चार दिवसांवर आली होती. तुम्ही शेतावर अडकलात, म्हणून मी एकटी टेंभुर्णीच्या स्टँडमागे रफिकभाईंच्या गॅरेजवर गेले. त्यांनी तुमच्या बाजूचं मॅट उचललं आणि पेचकस टोचला, तर तो आरपार गेला! तुमच्या दाराचं रबर फाटलेलं, दर पावसाळ्यात पाणी आत यायचं. किती वेळा म्हणाला होतात, बदलू, बदलू!

रफिकभाई म्हणाले, "वहिनी, पट्ट्याखालचा पत्रा पार गेलाय. कापून नवा जोडावा लागंल. आठ दिवस तरी लागतील."

मी म्हणाले, "आठ दिवस? अंगारकी मंगळवारी आहे."

"मंग पुढच्या अंगारकीला न्या की."

पुढची सहा महिन्यांनी होती. रंगवलेली गाडी सहा महिने शेडमध्ये झाकून ठेवायची? शिवाय मी शेजारणींना सांगून बसले होते, आम्ही अंगारकीला गाडीने चाललोय म्हणून. मी म्हणाले, "तूर्त भरून टाका. वरून मॅट टाकल्यावर कोण बघतंय?"

ते दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा त्या भोकाडात लांबी भरून घासून, वर काळा रंग मारून दिला. भिंतीला भरतात तसली लांबी, हो! आणि त्यातच बोल्ट आवळला.

संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "खालचा पत्रा बघितला का गं त्यानं?" मी म्हणाले, "बघितला. बराबर आहे."

किती सहज बोलून गेले!

मंगळवारी गाडी फाटकातून निघाली आणि मीच टोकलं, "देवाला चाललोय, आज तरी पट्टा लावा." तुम्ही लावलात. "घे बाई, बांधला. आता खुश?" मी खुश होते हो. खरंच होते.

मग एक रोही, नीलगाय हो, रस्त्यात आडवी आली. तुम्ही स्टेअरिंग फिरवलंत आणि समोर बाभूळ. माझ्या पट्ट्याने मला असं धरलं, की खांद्यावर महिनाभर काळा-निळा वळ होता. माझ्या बाजूचा पत्रा कोरडा होता ना. आणि तुमचा बोल्ट उपटून आला. तुम्ही शुद्धीवर होतात. मांडीवर पडलेलं पट्ट्याचं टोक उचललंत, बोल्टला पांढरा ढेकूळ चिकटलेला होता, आणि मला विचारलंत, "हे कसं काय निघालं गं?"

मी म्हणाले, "बोलू नका."

तुम्ही पुन्हा बोललाच नाहीत. जालन्याला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

डॉक्टरांना मी विचारलं, पट्ट्याने धरलं असतं तर? ते म्हणाले, "मावशी, सांगता येत नाही." रफिकभाईंना विचारलं, ते आकाशाकडे बघतात. अमोलला विचारायची हिंमत नाही, लेक झाला तरी. मग मी कोणाला विचारू? तुम्ही तरी सांगा ना! वाचला असतात का हो?

अमोलने काय केलं ते तुम्हाला माहीत नाही. तेराव्यानंतर, बोल्टचा तो पांढरा ढेकूळ बघून, गॅरेजवर गेला, मी मागोमाग होते, आणि भर दुपारी, चहावाला, पंक्चरवाला, सगळ्यांदेखत ओरडला, "माझ्या बापाला मारलंस तू! लांबीत बोल्ट बसवतोस?" रफिकभाई मान खाली घालून उभे. एकदाच त्यांनी माझ्याकडे बघितलं. एक शब्द बोलले असते तर सुटले असते. आणि मी काय केलं? मी चपलेकडे बघत राहिले. त्यांची चूक होतीच, पण ती करायला लावणारी मी होते. तुमच्या मित्राने माझी लाज झाकली आणि मी त्यांना उघडं पाडलं. त्या दिवसापासून त्यांनी रंगाचं काम बंद केलंय. लोकही तिकडे गाडी लावायला कचरतात.

गेल्या आठवड्यात अमोलचा पुण्याहून फोन आला, "आई, गाडी भंगारात दे." दुसऱ्याच दिवशी मी ती ट्रॅक्टरला बांधून रफिकभाईंच्या दारात नेऊन उभी केली.

"वहिनी, ही आता रस्त्यावर यायची न्हाई. कशाला?"

"रस्त्यावर नकोच. तेवढा कोपरा करा. तेव्हा म्हणाला होतात तसा."

रोज स्टूल टाकून समोर बसले. गंजलेला भाग त्यांनी लख्ख पत्रा लागेपर्यंत कापला. जाड पट्टी मापाने घडवली, कडेने वेल्डिंग केलं, खालून आणखी एक पट्टी आणि तिला नट जोडला. शेवटी वेल्डिंगची काच खाली ठेवून म्हणाले, "असंच करायला पाह्यजे होतं वहिनी. मी तुमचं कामून ऐकलं?"

नऊ महिन्यांत तेवढीच एक तक्रार.

आठ दिवस लागले. बरोब्बर आठ! आठच दिवस मागत होते हो ते.

मग मी तुमच्या सीटवर बसले. पट्टा लावला, दोन्ही हातांनी ओढला, गाडीच्या दाराच्या उंबऱ्याला पाय लावून सगळ्या अंगाचा भार दिला. रडत रडत हिसके दिले. रफिकभाई म्हणत होते, "बास वहिनी, बास," पण मला थांबताच येईना.

रविवारी अमोल येतोय. त्याला घरात नाही सांगणार. घरात सांगितलं तर दाराआडच राहील. त्याला गॅरेजवर नेईन, तो ओरडला होता त्याच जागी, त्याच चहावाल्यादेखत सांगेन, की रफिकभाई नको म्हणत होते आणि तुझ्या आईने ऐकलं नाही. मग त्याने मला आई म्हणावं की नाही, ते त्याचं तो बघेल. पण या वेळी मी चपलेकडे बघणार नाही. एवढा शब्द देते तुम्हाला.

तुम्ही विचारलं होतंत, हे कसं काय निघालं. सांगितलं आता सगळं.

आज मात्र निघाला नाही हो. कितीही ओढला, तरी हलला नाही.

तुम्हाला 'बराबर आहे' म्हणणारी,
सुमन