अजून हातभर अलीकडे

॥ श्री ॥
विश्रामबाग, सांगली
ता. ४ एप्रिल १९७६

चि. कृष्णातास दादासोचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पत्राच्या माथ्यावर श्री नव्हता, तेव्हाच मी काय ते ओळखले. नाताळात तू बाप्तिस्मा घेतलास, तेही मी गिळले. तुझी दारू सुटली म्हणून तुझ्या वहिनीने शेजारी साखर वाटली. पण आता शेजारच्या केरबा कांबळ्याला जमीन परत द्यायची म्हणतोस? बांध कोरल्याशिवाय आपल्याकडे कुणी नांगर धरला आहे का? आजोबांनी दर वर्षी बांध नांगराच्या एका तासाएवढा पलीकडे सरकवला, वडिलांनी तेच केले, तूही केलेस. तीन पिढ्यांचे पाप फेडायला तू एकटाच निघालास.

रान माझ्याही नावावर आहे. नांगर घातलास तर कोर्टात भेटू. आईलाही मी इकडे आणीन. अक्षय्य तृतीयेला येतो. मुलांना पापे. लोभ आहे, तुटेपर्यंत ताणू नकोस.

तुझा,
दादासो

मळ्यातून, ता. फलटण
ता. १२ एप्रिल १९७६

ती. दादांस कृष्णातचा प्रेमाचा सलाम. वि. वि.

कोर्टात भेटू म्हणालात, भेटू. तिथे मी खरे तेच बोलणार, एवढे वकिलाला आधीच सांगून ठेवा.

दारू सोडली तेव्हा तुम्ही पाठ थोपटलीत. म्हणजे आपल्या घराला छळणारे पाप सोडले की मी शहाणा, आणि केरबाच्या घराला छळणारे सोडायला निघालो की बिघडलो. रविवारी चर्चमध्ये क्षमा मागायची आणि सोमवारी त्याच मातीत ऊस लावायचा, हे माझ्याने होत नाही. पाद्रीबाबांना दोष देऊ नका. ते बिचारे थोरल्या भावाशी सबुरीने घे म्हणतात.

जुना बांध बाभळीच्या रेषेत होता. ईस्टर झाला की तिथवर मागे येणार. आई लुगड्यांचे गाठोडे बांधते आहे. ती गेली तर माझे घर ओस पडेल, हे ओळखूनच तुम्ही तिथे बोट ठेवलेत. तरी नांगर जुंपणार. वहिनींना सलाम. रागात का होईना, आठवण असू द्या.

आपला,
कृष्णात

मळ्यातून, ता. फलटण
ता. २४ एप्रिल १९७६

ती. दादांस सलाम. वि. वि.

काल नांगर जुंपला. केरबा लांब उभा होता, त्याचा विश्वासच बसेना. बाभळीपाशी पहिले तास धरणार, तोच आई डोक्यावर गाठोडे घेऊन आली. निरोप घ्यायला आली असे वाटून मी बैल थांबवले.

ती बाभळीवरून सरळ पुढे आपल्या रानात शिरली आणि गाठोडे खाली ठेवून म्हणाली, “बाभळ तुज्या आज्यानं चोरल्याल्या मातीत लावली. मी नवी नवरी हुते तवा बांध हितं हुता. द्यायचंच हाय तर निम्मं कशाला देतोस रं?”

दादा, मला फार लाज वाटली. ती अजून रोज तुळशीला पाणी घालते, आणि मी बाप्तिस्मा घेऊनही अर्धी चोरी राखून ठेवणार होतो. गाठोडे जिथे होते तिथून बांध घातला. मधेच ती अजून हातभर अलीकडे घे म्हणाली, तेही घेतले.

अक्षय्य तृतीयेला जरूर या. आमरस करू. खटला भरायचा तर भरा, माझ्या बाजूने आई साक्ष देईल. गाठोडे तिने सोडले आहे, लुगडी दांडीवर आहेत. लोभ ठेवा अगर ठेवू नका, बांध आता हलणार नाही.

आपला धाकटा,
कृष्णात