दादाचा ओके

मंगळवार, १४ तारीख
दुपार, दादाची झोपेची वेळ

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम. तुमच्याकडचं क्षेम तू फोनवर इतक्या खणखणीत आवाजात सांगतेस की वेगळं विचारायची सोय उरत नाही.

सर्वप्रथम एक सखेद निवेदन. या घरात एका परक्या शब्दाने बेकायदा बस्तान बसवलं आहे. ज्याने उभा जन्म पोरांना धातू, प्रत्यय आणि उपसर्ग यांच्या पायऱ्या चढायला लावल्या, त्या संस्कृतच्या मास्तराच्या घरात सकाळपासून एकच शब्द घुमतो : ओके. त्याला लिंग नाही, वचन नाही, विभक्ती नाही. व्युत्पत्ती विचारावी तर विद्वानांचं एकमत नाही. आणि रुबाब असा, की त्याच्यावाचून घरातलं पान हलत नाही.

पक्षाघाताचा झटका आल्यापासून दादाच्या तोंडात एवढा एकच शब्द उरलाय. दवाखान्यात तो ऐकून तुला रडू आलं होतं. आता इथे असतीस तर हसली असतीस. चहा पुढे ठेवला की 'ओके' म्हणजे 'ठेव'. एक घोट घेऊन 'ओके' म्हणजे 'साखर विसरलास'. दाढी करताना लांबवलेला 'ओऽके' म्हणजे 'हात आवर, गळा माझा आहे'. दाराची घंटा वाजली की शेपूट वर उचललेला 'ओके?' म्हणजे 'आता कोण तडमडलं?' आणि टीव्हीवरच्या बातम्यांना तो हाच शब्द अशा काही सुरात म्हणतो, की त्याचा अर्थ मला वर्गात सांगता यायचा नाही.

परवाचीच गोष्ट. त्याच्या उशाशी बसून मी एक जुना श्लोक मोठ्याने म्हणत होतो. दादा म्हणाला, "ओके, ओके, ओके!" आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडून दाद मिळाली! मी हात वर करून तोच श्लोक पुन्हा, चांगला घोळवून म्हटला. त्या तीन ओकेंचा अर्थ 'मला बाथरूमला ने' असा होता. रसिकतेची किंमत चादरीने चुकवली. मी चादर बदलत होतो आणि तो माझ्याकडे बघून अर्ध्या तोंडाने हसत होता. त्याला सगळं समजतं गं. म्हणूनच हे पत्र. फोन त्याच्या पलंगाशेजारी आहे.

अर्थांचा कोश करायचं मी मनावर घेतलं होतं, पण ते अर्थ एका जागी बसत नाहीत. काल 'ओके' म्हणाला म्हणून खिडकीचा पडदा सरकवला, तर खूश. आज त्याच 'ओके'वर सरकवला, तर भिंतीकडे तोंड करून बसला. बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंनी त्याला मांजराचं चित्र दाखवलं.

"हे काय आहे, काका?"

"ओके."

"आणि ही किल्ली ना?"

"ओके."

"तुमचं नाव सांगता?"

यावर त्याने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाला, "ओके."

बाई दाराशी मला म्हणाल्या, "सर, त्यांना समजतं बरंचसं. पण मनात एक असतं आणि तोंडातून हेच निघतं. मान हलवली तरी हो-नाहीची गल्लत होते. तेव्हा त्यांच्या होकारावर फार विसंबू नका."

हे वाक्य मी मुद्दाम जसंच्या तसं उतरवलं आहे. कृपया दोनदा वाच.

कारण आता मुद्दा येत्या रविवारचा. तू फोनवर विचारलंस, "दादा, येतोस ना माझ्याकडे? कायमचा?" तो म्हणाला, "ओके." झालं! तू आनंदाने रडलीस. तुझ्या यजमानांनी उंबऱ्यापाशी चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधायला घेतला. रविवारी गाडी घेऊन येताय. तुमचं घर तळमजल्यावर, दवाखाना समोर, अंगणात ऊन. आणि आमच्याकडे तिसरा मजला, लिफ्ट नाही, दवाखान्यातून आणल्यापासून त्याने रस्ता पाहिलेला नाही. हे सगळं मला मान्य आहे. माझा आक्षेप फक्त पुराव्यावर आहे. चहालाही ओके आणि मांजरालाही ओके म्हणणाऱ्या माणसाचा होकार ग्राह्य कसा धरायचा? त्याला 'कायमचा' हा शब्द समजला का? की तुझा आवाज ऐकून नुसताच बरं वाटलं? माझं डोकं चालेनासं झालंय.

शेजारच्या काकूंना विचारलं. मी शाळेत जातो तेव्हा त्या येऊन बसतात. त्या म्हणाल्या, "मास्तर, खरं सांगू का? तुम्ही गेलात की ते अगदी निवांत असतात हो. एकदाही ओके म्हणत नाहीत. बाहेरचं आभाळ बघत बसतात."

काकूंना निरीक्षणाची सवय नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

तुला दादाचा कारखाना आठवतो? पंपाच्या पितळी कड्या तपासायचं काम. आपल्याला एकदा आत नेऊन त्याने दाखवलं होतं. कडी उचलायची, कडेवरून अंगठा सावकाश गोल फिरवायचा, उजेडाकडे धरायची, उलटी करून पुन्हा तेच. मग 'ओके' म्हणून उजवीकडच्या ट्रेमध्ये. नापास ती डावीकडे, न बोलता. त्याच्या हाताखालचे लोक म्हणायचे, एक वेळ साहेबाची सही मिळेल, पण याचा ओके मिळायचा नाही. ती सवय घरीही आली. तुझे यजमान तुला बघायला आले होते, तेव्हा सगळा वेळ दादा बशीच्या कडेवरून अंगठा फिरवत त्यांच्याकडे बघत होता. बिचाऱ्यांना वाटलं, बशीला तडा गेलाय. शेवटी बशी उजव्या हाताला ठेवून म्हणाला, "ओके." आणि तू आत स्वयंपाकघरात टुणकन उडी मारलीस. नाही म्हणू नकोस, मी पाहिलं होतं.

आता जे मी फोनवर सांगितलं नाही ते सांगतो. मघापासून त्याच्याच भोवती फिरतोय, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. वाटतेस तितकी वेंधळी तू कधीच नव्हतीस.

तू विचारलंस, तेव्हा त्याने लगेच उत्तर दिलं नाही. तू तिकडून "दादा, ऐकू येतंय का?" असं ओरडत होतीस, आणि इकडे त्याने डाव्या हाताने औषधाच्या बाटलीचं पत्र्याचं झाकण उचललं. त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला, सावकाश, सगळीकडून. खिडकीच्या उजेडाकडे धरलं. चिमटीत कसंबसं उलटं केलं आणि पुन्हा अंगठा फिरवला. मग एकदा माझ्याकडे पाहिलं. उजवा हात तर मांडीवर निर्जीव पडलेला. म्हणून डावा हात अंगावरून पलीकडे नेला, त्यासाठी अख्खं शरीर वळवलं, आणि ते झाकण उजव्या बाजूला उशीपाशी ठेवलं. तेव्हा म्हणाला, "ओके."

मी झाकण उचलून बाटलीला लावलं आणि तुला म्हणालो, "त्याला कितपत कळलंय, कोण जाणे."

त्याला कळलं होतं. मलाही.

तेव्हापासून मी आलटूनपालटून दुसरे अर्थ शोधतोय. माझी दमछाक त्याला बघवत नसेल. जिना, ऊन, तुझी मुलं... की माझे श्लोक? त्याने माझ्याकडे पाहिलं ते निरोपादाखल, की तपासायला? अर्थ लावणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, पण मला त्या नजरेचा अन्वय लागत नाही. त्याला विचारायचं धाडस होत नाही, कारण उत्तर मला माहीत आहे. ते एकच आहे.

रविवारी या. खालचा पहारेकरी आणि त्याचा भाऊ दादाला खुर्चीसकट उतरवून देतो म्हणालेत. सदरे इस्त्री करून ठेवतो. चहात साखर दीड चमचा, हे लिहून घे. दाढी तुझ्या यजमानांनी करावी, पण मान खालून वर.

धाकटे, त्याला कळलं नसेल याची काळजी मला कधीच नव्हती. कळून-सवरून त्याला इथून जावंसं वाटलं, याची आहे. आणि तो गेल्यावर मी एकट्याने कसं राहायचं, ते मला माहीत नाही.

तुझा,
मधला