धवल्याची डिस्को रेकॉर्ड

मंजुळाआत्या,

तुला लिहीन लिहीन म्हणत होळी गेली, गणपतीही गेले. पेन उचललं की मला दुसरंच काहीतरी दिसतं. आत्ता धाकूच्या लाऊडस्पीकरच्या दुकानात बसलोय, तर पंख्याच्या वाऱ्याने रेकॉर्डची कव्हरं खाडीतल्या शिडांसारखी हलतायत.

मध्ये विठ्ठलवाडीला भंगारात एक डिस्को रेकॉर्ड सापडली. नाव पुसलेलं. धाकू म्हणाला, "नाम्या, पुन्हा कचरा आणलास?" लावली तर आधी ड्रम, मग गिटार आणि मध्येच तू! लग्नात धवलारीण गाते तो आपला हळदीचा धवला गातेस. प्रत्येक ओळीनंतर थांबतेस, बायकांनी झेलावी म्हणून. पण तिथे झेलायला कुणीच नाही. नुसते ड्रम वाजत राहतात, पाण्याखाली वाजल्यासारखे.

"आमची धवलारीण हॉटेलात गाणार नाही," म्हणत, तू बँडबरोबर गायला लागल्यावर बाबांनी तुला घराबाहेर काढलं. तेव्हापासून घरात तुझं नाव कुणी घेत नाही. आता माझ्या बहिणीची, जनीची हळद आलीय आणि ती हटून बसलीय, "आत्या गायली नाही तर मी पाटावर बसणार नाही." बाबांशी बोलायची माझी हिंमत नाही. तुझा पत्ताही माहीत नाही.

म्हणून तुझी रेकॉर्ड मोठ्याने लावून नुसतंच लिहितोय. आत्ता तू थांबलीस आणि माझ्या पाठीमागून कुणीतरी ओळ झेलली. घोगरा, थरथरता आवाज.

दारात बाबा उभे आहेत. मंडपासाठी स्पीकर सांगायला आले होते. म्हणतात, "पत्र ठेव रे. कलव्याला हाय ती. चल, तिला आनू."

उठतोच,
तुझा नाम्या