समुद्र माझ्या दगडांतला

३ जानेवारी
या वर्षी थीसिस. विद्यापीठाने शेवटची मुदतवाढ दिलीय, म्हणजे तेही उत्सुक आहेत. विषय: टेकडीवरचे काळे दगड. मूळचे बॅसॉल्ट, मग खोल गाडले जाऊन भाजून निघालेले. सगळे म्हणतात, हा तप्त रस जमिनीच्या भेगेत घुसून थिजला. मी म्हणतो, हा प्राचीन समुद्राचा तळ. फक्त पुरावा तेवढा मिळायचा राहिलाय.

१९ जानेवारी
बायकोने दगड जेवणाच्या टेबलावरून हलवायला सांगितले. अडीचशे कोटी वर्षांचे आहेत, म्हटलं. म्हणाली, मग बाल्कनीतही काढतील थोडे दिवस.

६ फेब्रुवारी
लॅबचे आकडे आले. सोडियम-पोटॅशियम माझ्या बाजूने! गाईडबाई म्हणाल्या, त्यांच्या नादी लागू नका, खडक भाजला की ती निसटतात. टायटॅनियम, झिर्कोनियम बघा, ती जागा सोडत नाहीत. बाईंचा स्वभावही तसाच.

८ फेब्रुवारी
बघितली. दोन नमुने समुद्रात, बाकी सगळे भेगेत. बाकीचे 'खराब' म्हणून बाद केले. आता निकाल शंभर टक्के. शेजारच्या टेबलावरची ज्युनियर ते पुन्हा तपासते म्हणाली. दिले. तिलाही काहीतरी अनुभव मिळू दे.

२ मार्च
उद्या परिषदेत भाषण. सूट इस्त्री केला. आरशासमोर नम्र दिसण्याची प्रॅक्टिस केली. जमत नाहीये.

३ मार्च
भाषण उत्तम झालं. शेवटी गाईडबाईंनी ते दोन दगड कुठून उचलले, विचारलं. मी ऐटीत फोटो लावला. दगडांच्या मागे रेल्वेचे रूळ.
"अहो, ही रुळांखालची खडी," बाई म्हणाल्या. "बाहेरून आणून टाकतात ती."
पुढचं नीट ऐकू आलं नाही. लोक हसत होते.

५ मार्च
तब्येत बरी नाही. बायको चहा ठेवून गेली. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

१५ एप्रिल
ज्युनियरचे आकडे तयार. सगळे दगड भेगेतलेच, आलेखावर एकमेकांना चिकटून. पेपर लिहू, तुमचं नाव पहिलं, म्हणाली. समुद्र नसलेल्या पेपरवर माझं नाव नको, असं ठणकावलं. बरं, म्हणाली. जरा आग्रह करेल असं वाटलं होतं.

२२ सप्टेंबर
थीसिसची मुदत गेल्या महिन्यात संपली. ज्युनियरचा पेपर आज आला, मोठ्या जर्नलमध्ये. शेवटच्या ओळीत माझे आभार आहेत, 'दगड वाहून आणल्याबद्दल'. बायकोला दाखवलं. तिने दोनदा वाचलं. म्हणाली, आडनाव चुकलंय.