दोन तुकड्यांचा शब्द

नागपूर
दि. ११ जुलै २०२५, शुक्रवार

प्रिय शामलाताई,

तुला नमस्कार, भाऊजींना नमस्कार, आणि आपल्या खाप्याच्या नदीलाही.

फोन सोडून पत्र काहून, म्हणशील. फोनवर बोलायला लागले की घरातले सगळे कान देतात.

मी मजेत आहे. इंग्रजीच्या क्लासला जाते. रोहितला कॅनडात जायचंय, त्यासाठी बायको म्हणून माझेही मार्क लागतात म्हणे. तिथे लांबलचक शब्दांचे तुकडे करायला शिकवतात. हनुवटीखाली हात धरून शब्द म्हणायचा. हनुवटी जितक्यांदा हाताला लागेल तितके तुकडे. मग त्यातल्या एकावर जोर. परवा ओट्याशी उभी राहून करत होते, तर सासूबाई म्हणाल्या, "दाढ दुखून राहिली का वं?" मी हो म्हटलं. लवंग मिळाली.

शेवटी 'शन' आला की जोर त्याच्या आधीच्या तुकड्यावर. इ-मि-ग्रे-शन. रे-झिग्-ने-शन.

हा दुसरा शब्द क्लासमधला नाही. रोहितने माझ्या नावाने टाइप करून आणलाय. नऊ वर्षं ज्या शाळेत मी मुलांना मराठी शिकवतेय, तिथे सोमवारी द्यायचा. "सही तं करायची आहे, एवढा काय विचार करून राहिली?" म्हणतो. वाईट नाही गं तो. फक्त मला काही विचारत नाही.

ताई, मला जायचं नाही. हे मी आज पहिल्यांदाच कुठे लिहितेय.

काल क्लासमध्ये मिनल मॅडमनी हरकत घ्यायला लावली. मी म्हटलं, "आय ऑब्जेक्ट." जोर 'ऑब्'वर. मॅडम हसल्या, "दामिनी, तू तं वस्तू होऊन गेली! हरकत घ्यायची तर जोर 'जेक्ट'वर दे." वर्ग हसला, मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

सोबत तो राजीनामा आहे, सही न केलेला. फाडू नकोस, तुझ्या कपाटात ठेव. रोहित दुसरा छापून आणेल, माहीत आहे मला. पण पहिला कुठे गेला, एवढं तरी त्याला विचारावंच लागेल. आणि त्यानं विचारलं की मी सांगणार आहे.

'नाही'चे दोनच तुकडे होतात, ताई. सकाळपासून हनुवटीखाली हात धरून दोन्हींवर जोर देऊन पाहतेय.

तुझी,
दामिनी