ताऱ्यातला विटाळ

इंदोरा, नागपूर
१९ नोव्हेंबर २०२४

पेपरात फोटो तुझा अन् खाली नाव भलत्याच बाईचं! पायल नागपूरकर. ही कोण वं? आमच्या घरात गजघाटे जन्मले, ही नागपूरकर कधी जन्मली?

असो. पायल, जय भीम. मी बरी आहे. गुडघे बोंबलतात, पण चालून राहिली. तुझा बाप पडून आहे.

बातमी बोट ठेवून ठेवून वाचली. तुझे ते क्वार्क. मागच्या दसऱ्याले कणीक मळता मळता तू सांगितलं होतं: मेलेला तारा दबून दबून नागपूरएवढा होते, त्यातलं चमचाभर उचलाचं म्हटलं तर पहाड. आतले कण फुटून क्वार्क मोकळे होत असतील. त्यात एक विचित्र नावाचा. तसा माल खरंच असला, अन् साध्याले शिवला, तर साधाही विचित्र होऊन जाईल. वरून पाहून तारा साधा का विचित्र ते समजत नाही.

"कोणी पाहिला काय वं?" मी विचारलं.

"नाही आजी. नुसतं मानतात."

मी हसली. विटाळही कोणी पाहिला नव्हता. माझ्या मायले तरी विहिरीवर चढू देत नव्हते.

तुझा बाप संजीव पुण्याले तुझ्याकडे आला होता, भिवापूरची मिरची घेऊन. ज्याच्याशी तू आता लग्न करणार आहे त्या हर्षितची माय घरात बसली होती. तू तिले सांगितलं, "हे आमचे मिरचीवाले काका." बिचारीनं चांगल्या कपात चहा दिला, मिरचीचे पैसे हातावर ठेवले. तुझं खोटं उघडं पडू नये म्हणून तुझ्या बापानं ते घेतले. घरी येऊन मले हसत म्हणे, "माय, मिरची खपली वं!"

त्या बाईनं विटाळ नाही मानला, पायल. तू मानला.

पुढच्याच हप्त्यात त्याले लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणते बीपी. मीही तेच म्हणते, तुझ्या डोक्यावर नाही घालत. दवाखान्यात नर्सनं त्याले विचारलं, लेकरं किती? त्यानं डावा हात हलवला. नाही म्हणून. मी तिले म्हटलं, डोकं ठिकाणावर नाही त्याचं.

होतं ठिकाणावर.

तुले कळवते म्हटलं की तो नाही म्हणून मान हलवते. मी काहून ऐकू त्याचं?

पैसे पाठवू नको. माफीचंही लिहू नको, तुले लिहिता लई चांगलं येते. हे पत्र हर्षितच्या हातात दे. पुरं वाचू दे त्याले. उत्तर त्यानंच लिहायचं, तू नाही.

संजीवची माय,
कुसुमावती गजघाटे