साहेब ‘क्ष’ यांचा अभ्यास

३ तारीख, सकाळी
संकल्प: महिनाअखेर संशोधन निबंध पुरा. विषय, ‘वाईट साहेब कसा ओळखावा’. हा छापून आला की आमच्या मॅनेजमेंट कॉलेजच्या डायरेक्टरची खुर्ची माझीच. वीस वर्षं लीडरशिप शिकवतोय, हक्कच आहे. उद्यापासून पहाटे पाचला उठणार.

४ तारीख
साडेआठला उठलो. अलार्म बायकोने बंद केला असणार.
विभागाची दोन मिनिटांची मीटिंग घेतली. पावणेदोन तास चालली. सगळे इतके गुंगले की एकानेही प्रश्न विचारला नाही.

९ तारीख
कंपन्यांतून प्रश्नावली भरून आणायचं काम ऑफिसच्या बाईंवर सोपवलं. याला म्हणतात डेलिगेशन.

१४ तारीख
बाई दोनदा केबिनमध्ये आल्या. कंपन्यांचं काहीतरी सांगत होत्या. मध्येच थांबवून म्हटलं, अडचणी नकोत, फॉर्म आणा. गुरुवारपर्यंत वीस, कुठूनही. त्यांनी विचारलं, कुठूनही? म्हटलं, हो, कुठूनही. स्वातंत्र्य दिलं की माणूस कसा फुलतो!
पहाटे उठणं पुढच्या सोमवारपासून.

१७ तारीख, गुरुवार
वीस फॉर्म आले! नावं नाहीत, पण सगळे एकाच साहेबाबद्दल. घबाडच! त्याला ‘क्ष’ म्हणायचं ठरवलं. हा महाभाग दोन मिनिटं म्हणून दोन तास बसवून ठेवतो. कोणाचं वाक्य पुरं होऊ देत नाही. लोक रजेचे अर्ज तो जेवायला गेला की टेबलावर ठेवून पळतात. ‘साहेबांना काय सांगाल?’ या प्रश्नाला चौदा जणांनी लिहिलंय, ‘सांगू देतील का?’
वाचून गलबलून आलं. कसे दिवस काढत असतील बिचारे!

२१ तारीख
‘क्ष’ची केस वर्गात शिकवली. मुलं हसून लोटपोट. पुढच्या बाकावरची मुलगी काही विचारू पाहत होती, पण माझा ओघ तुटला असता.
जेवताना बायकोला वाचून दाखवली. म्हणाली, हुबेहूब उतरलाय, फक्त चष्मा राहिला. चष्म्याचा काय संबंध?

२५ तारीख
घसा बसलाय. आभार मानायला बाईंकडे कंपन्यांची नावं मागितली, चिठ्ठी लिहून. त्यामुळे त्यांचं बोलणं प्रथमच पूर्ण ऐकलं. एकाही कंपनीने उत्तर दिलेलं नाही, तेच सांगायला त्या दोनदा आल्या होत्या. मग आपल्याच विभागात भरून घेतले. तुम्हीच म्हणालात ना, कुठूनही?
दार लावून वीसही फॉर्म पुन्हा वाचले. फार वाईट वाटलं. चष्मा पुसावा लागला.

२६ तारीख
निबंध रद्द. खुर्चीही गेली. बायकोला सांगितलं. तिने पानात आणखी भात वाढला.

२८ तारीख
घसा सुटला. विभागाची मीटिंग घेतली. म्हटलं, माझं चुकलं, आता तुम्ही बोला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मग खरोखरच गप्प बसलो.
कोणी बोलेना. कोणी उठेना. दहा मिनिटांनी बाईंनी हळूच विचारलं, सर, प्रस्तावना झाली का?